परीक्षा आणि मोह : एकाच शब्दाची दोन टोकं

(उपवासकाळातल्या एका शुक्रवारी संध्याकाळच्या उपासनेनंतर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना आपण इतक्या वेळा म्हणतो की तोंड आपोआप चालतं, आणि मन तोवर घरचा गॅस बंद केला होता का, याचा विचार करत असतं. माझ्या संडेस्कूलमधल्या एका मुलीचं मन मात्र जागेवर होतं. ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ या ओळीवर ती थांबली आणि म्हणाली, ‘‘सर, म्हणजे देव आणतो का? आणि परीक्षा दिल्याशिवाय वरच्या वर्गात कसं जायचं?’’

मी तिला काहीतरी थातुरमातुर सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न माझ्या मागे घरी आला. वसईकडचे आपले कॅथलिक भाऊबंद याच ओळीत ‘मोह’ म्हणतात, आपण प्रॉटेस्टंट ‘परीक्षा’ म्हणतो. एकच प्रार्थना, एकच प्रभू, मग शब्द दोन का? कारण मुळात ग्रीक भाषेत शब्द एकच आहे : पेइरास्मॉस. त्याचा अर्थ पारख, कसोटी असाही होतो आणि मोह, भूल असाही होतो. भाषांतर करणाऱ्याला दोहोंतलं एक निवडावं लागतं, आणि दुसरं सांडतं. त्या मुलीची शंका काही तिच्या एकटीची नाही. फ्रान्समधल्या कॅथलिकांनी २०१७ साली या ओळीचे शब्द बदलले, इटलीत २०२० साली बदलले. ‘तू आम्हाला मोहात नेऊ नकोस’ असा अर्थ निघत होता. तो बदलून ‘आम्हाला त्यात शिरू देऊ नकोस’, ‘त्याच्या हवाली करू नकोस’ अशा वळणाचे शब्द घातले. दोन हजार वर्षं म्हटलेल्या प्रार्थनेत बदल करायला लोक धजावले, यावरून अडचण किती खरी आहे ते कळेल.

नव्या करारातलं याकोबाचं पत्र काढा. पहिला अध्याय. दुसऱ्या वचनात तो म्हणतो की नाना प्रकारच्या परीक्षांना तोंड द्यावं लागतं तेव्हा आनंद माना. आणि तेराव्या वचनात म्हणतो की देवाने मला मोहात घातलं असं कोणी म्हणू नये. आपल्या मराठी शास्त्रात, म्हणजे बायबलात, हे दोन वेगळे विषय वाटतात. ग्रीकमध्ये तोच शब्द फिरून आलाय. अकरा वचनांच्या अंतरात ‘परीक्षे’चा ‘मोह’ झाला. मला वाटतं याकोबाला तेच सांगायचंय. संकट वरून येतं, बाहेरून येतं. मोह त्याच्या पोटात असतो. पुढे चौदाव्या वचनात त्याने कोळ्याचा शब्द वापरलाय : आमिष दाखवून ओढून नेणं. गळ कोणाचाही असो, भूक माशाची स्वतःची असते.

संकटाच्या पोटातला हा मोह दिसतो कसा? रानातला प्रसंग घ्या, मत्तयाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय. प्रभू येशूचा चाळीस दिवसांचा उपास झालाय. सैतान येतो आणि काय सुचवतो? दारू नाही, बाई नाही, चोरी नाही. भाकर कर. देव सांभाळतो हे एकदा सगळ्यांना दिसू दे. जगाची राज्यं घे. यातलं वाईट काय? भाकर तर प्रभूने पुढे पाच हजारांना दिली. राज्यही त्याचंच आहे. मोह होता तो आडवाटेचा : भुकेतून न जाता भाकर, क्रूसाशिवाय राज्य. आणि सैतानाने बोलताना शास्त्रवचन वापरलं, एक्क्याण्णवावं स्तोत्र. तेव्हा कोणी वचन तोंडावर फेकलं म्हणून लगेच मान डोलवू नका. प्रभूने तिन्ही उत्तरं जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून दिली, म्हणजे इस्राएल लोकांच्या चाळीस वर्षांच्या रानातून. जिथे बापजादे घसरले होते, तिथलीच वचनं घेऊन तो उभा राहिला.

शुभवर्तमानकार लूक हा प्रसंग संपवताना एक चोरटं वाक्य टाकून जातो : सैतान संधी मिळेपर्यंत त्याला सोडून गेला. एकदा जिंकलं की संपलं, असं नाही. क्रूसाच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत तोच प्रश्न परत आला, हा दुःखाचा प्याला टाळता येईल का? आणि प्रभूने तो तीनदा विचारला. मोठ्याने विचारला.

इथे मला आपल्या एका म्हणीशी भांडायचंय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही. आपल्या व्यासपीठांवरून, या व्यासपीठावरूनही, ही म्हण धीराच्या प्रवचनात हमखास येते. मीही वापरलीय. पण दगडाला तोंड नसतं. दगड ‘का?’ म्हणत नाही. शास्त्रातला धीर दगडाचा नाही. याकोब ज्याच्या धीराचा दाखला देतो तो जुन्या करारातला ईयोब, सगळं गमावलेला माणूस. ‘ईयोबासारखा धीर’ हा शब्दप्रयोग करणाऱ्यांनी बेचाळीस अध्यायांपैकी पहिले दोन वाचलेले असतात. तिथे तो खरंच कुरकुर करत नाही. मित्र येतात, सात दिवस सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसतात, कोणी एक शब्द बोलत नाही. (तेवढंच त्यांनी बरं केलं.) तिसऱ्या अध्यायात ईयोब तोंड उघडतो आणि आपल्या जन्मदिवसाला शाप देतो. तिथून पुढे तो देवाशी वाद घालतो, खटला मांडतो, उत्तर मागतो. मित्र त्याला समजावतात : धीर धर, तुझं काहीतरी चुकलं असेल, देव न्यायी आहे. सगळी सुभाषितं. आणि शेवटी देव कोणाची बाजू घेतो? तो मित्रांना सांगतो की माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. भांडणारा बरोबर, सुभाषितवाले चूक.

याकोबाचा ‘धीर’ हा शब्दही पाहा. ह्यूपोमोने. ‘खाली’ आणि ‘राहणं’ या दोन शब्दांची जोड. ओझ्याखाली टिकून राहणं. यात ‘गप्प’ कुठेच नाही. हमाल ओझ्याखाली उभा असतो आणि तोंडाने शिव्याही देत असतो. ओझं टाकून पळत नाही एवढंच.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलतो, कारण समोर बायका बसल्या आहेत आणि त्यांच्यातल्या काही जणींना आपल्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांनी काय सल्ला दिलाय ते मला माहीत आहे. नवरा मारतो, धीर धर, बाई, देव परीक्षा पाहतोय. हे याकोबाच्या नावावर खपवू नका. दिमिष्कात (दमास्कसमध्ये) प्रेषित पौलाला मारायला लोक टपले होते तेव्हा तो धीर धरून बसला नाही, पाटीत बसून रात्री तटावरून खाली उतरला. प्रभूने शिष्यांना सांगितलं की एका गावात छळ झाला तर दुसऱ्या गावी पळून जा. विश्वासात टिकणं वेगळं आणि मार खात त्या घरात टिकणं वेगळं. करिंथ शहरातल्या मंडळीला, करिंथकरांना, पौल लिहितो की देव परीक्षेबरोबर निभावण्याची वाटही काढतो. वाट दिसत असेल तर चाला.

त्याच वचनाचं आणखी एक फळ आपण कच्चं तोडलंय. ‘देव शक्तीपलीकडे देत नाही.’ मयताच्या घरी हे वाक्य किती वेळा ऐकलंत? पौल तिथे मूर्तिपूजेच्या मोहाबद्दल बोलतोय, पोरगं गेलेल्या आईबद्दल नाही. आणि याच करिंथकरांना दुसऱ्या पत्राच्या पहिल्याच अध्यायात तो कबूल करतो की आशियात (म्हणजे आजच्या तुर्कस्तानात) आमच्यावर शक्तीपलीकडे ओझं पडलं, जगण्याची आशा सुटली. त्याने दोन्ही लिहिलं. आपण सोयीचं तेवढं उचललं.

आपल्या मातीतलं उदाहरण हवं असेल तर पंडिता रमाबाई. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईबाप गेले, १८८०मध्ये भाऊ गेला, १८८२मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला. पदरात मनोरमा. १८८३मध्ये वैद्यकी शिकायला इंग्लंडला गेल्या तर ऐकू कमी येतं म्हणून ती वाट बंद झाली. त्याच वर्षी बाप्तिस्मा घेतला. बाईंचा धीर गप्प होता का? ज्या ख्रिस्ती भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच त्यांनी धर्मसिद्धान्तांवरून पत्रापत्रांतून वाद घातला. कोणी सांगितलं म्हणून मान्य, असं त्यांनी कधी केलं नाही. पुढे त्यांनी काढलेल्या पुण्याच्या शारदा सदन या शाळेत मुली त्यांच्या प्रार्थनेला येऊन बसतात यावरून गदारोळ झाला. १८९३मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. सोपी आडवाट होती : खोलीचं दार लावून घ्यायचं. देवाला काय, बंद दाराआडही ऐकू येतं. बाईंनी ती घेतली नाही.

मग केडगावातला आश्रम. दुष्काळातल्या शेकडो मुली-बायका, विहिरी, शेती, छापखाना. आणि म्हातारपणी, कान जवळजवळ गेलेले असताना, हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत बायबल आणण्याचं काम. खेड्यातल्या बाईला कळेल असे शब्द. १९२१मध्ये मनोरमा गेली. एकुलती एक. काम चालू राहिलं. ५ एप्रिल १९२२ला बाई गेल्या. पुस्तक १९२४मध्ये छापून निघालं. बाईंनी ते छापलेलं पाहिलं नाही.

माझं उदाहरण याच्यापुढे सांगायला लाज वाटते, पण मोठ्यांचीच नावं सांगितली की आपण सुटतो. माझी आई अर्धांगवायूने तीन वर्षं अंथरुणावर होती. लोक म्हणायचे, केवढी परीक्षा! खरं होतं. पण त्या परीक्षेच्या पोटात काय होतं ते लोकांना दिसत नव्हतं. मला वाटलं होतं की मोह येईल तो जबाबदारी टाकण्याचा. तो आलाच नाही. जो आला तो फार गोड होता. चर्चबाहेर मंडळी म्हणायची, ‘‘किती करतो हो आईचं!’’ आणि मी मान खाली घालून ते पीत होतो. हळूहळू मी आईचं करत होतो की त्या वाक्याचं, ते मलाच कळेना. एका रात्री ती ओली झाली, कण्हली, मी जागा होतो. डोळे मिटून पडून राहिलो. पहाटेपर्यंत. सकाळी रविवार होता, मी उपासनेत शास्त्रपाठ वाचला, आणि बाहेर आल्यावर नेहमीचं वाक्य ऐकलं.

त्या दुपारी मी तिला सांगितलं. तिला बोलता येत नव्हतं, जिभेवर चार-पाच शब्द उरले होते. ती बघत राहिली. मला क्षमा हवी होती आणि तिच्या शब्दांत तो शब्द नव्हता. काय करावं सुचेना म्हणून स्तोत्रसंहिता उघडली, तेरावं स्तोत्र निघालं. सहाच वचनं आहेत. पहिल्या दोनमध्ये दावीद देवाला चार वेळा एकच विचारतो : कोठवर? कोठवर तू मला विसरणार? तिसऱ्यांदा मी तो शब्द वाचला तेव्हा आईने ओठ हलवले. वाकड्या तोंडाने, पण स्पष्ट : ‘‘कोठवर.’’

त्यानंतर ते आमचं रोजचं झालं. मी वाचायचो, ती तेवढा एक शब्द म्हणायची. स्तोत्राचा शेवट गाण्याने होतो, देवाने माझ्यावर उपकार केले आहेत असं दावीद म्हणतो. तिथे ती बहुधा झोपलेली असायची. तिचं ‘आमेन’ मी कधी ऐकलं नाही. ती गेली त्या आठवड्यातसुद्धा ‘कोठवर’च होतं.

आपण उभे राहू या. पुस्तकं उघडा, तेरावं स्तोत्र. पहिली दोन वचनं सगळ्यांनी मिळून, घाई न करता.