छाटणीची काडी आणि डोळ्याचा डॉक्टर

नमस्कार श्रोतेहो. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाची फळछाटणी सुरू आहे, छाटताना काडी डोळ्याला लागू शकते, म्हणून आज आम्हा डोळ्याच्या डॉक्टरांच्या कामाबद्दल बोलतो.

शिक्षणाचं थोडक्यात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एमबीबीएस, मग नेत्ररोगात तीन वर्षं एमएस. हात बसतो तो आधी बकऱ्याच्या डोळ्यांवर, मायक्रोस्कोपखाली, केसाहून बारीक धाग्याने टाके घालून. लोक आम्हाला ऑपरेशनमुळे ओळखतात. पण पहिलं काम बघण्याचं. आधी बघायचं, मग औषध.

मी एमएस करत होतो तेव्हाची गोष्ट. सुरगाण्याकडची एक बाई पिंपळगाव बसवंतला छाटणीला आली होती. तारेवरची काडी सुटली आणि सपकन बुबुळावर बसली. मुकादमाने मेडिकलमधून थेंबांची बाटली आणून दिली. दोन दिवसांत लाली उतरली, बाई पुन्हा कामाला लागली. आठवड्याने आमच्याकडे आली ती डोळा घट्ट मिटून, बुबुळावर पांढरा डाग घेऊन.

सरांनी बधिर करणारा थेंब घातला, पात्याने डाग हलकेच खरवडला, खरवडलेलं काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली माझ्यासमोर ठेवलं. म्हणाले, "मला विचारू नकोस, बघ." बघितलं तर बुरशीचे तंतू, फांद्या फुटलेले. काडीबरोबर बुरशी आत गेली होती आणि बाटलीत होतं स्टिरॉइड. स्टिरॉइडने लाली जाते, पण डोळ्याची लढायची ताकदही जाते. बुरशीला रान मोकळं.

बुरशीवरचं औषध दर तासाला घालायचं, रात्रीसुद्धा. सोबतीला तिची जाऊ होती, तिला घड्याळ कळत नव्हतं. सिस्टर तासाला हाक मारायच्या, ही थेंब घालायची आणि पदराच्या दशीला एक गाठ मारायची. सकाळी राउंडला सर आधी गाठी मोजायचे, मग डोळा बघायचे. डोळा वाचला. फूल पडलं, म्हणजे पांढरा डाग राहिला, पण बाहुलीच्या बाजूला, म्हणून नजर राहिली. अशा वेळी नाव सर्जनचं होतं. रात्रभर जागणाऱ्या सिस्टरचं कुणी घेत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

बागायतदार मंडळी, फवारणीवर तुमचा एवढा खर्च होतो. छाटणाऱ्या माणसाला साधा प्लॅस्टिकचा चष्मा द्याच. त्याला कितीसे पैसे लागतात?

काडी लागली तर डोळा चोळू नका. मनाने कुठलाही थेंब घालू नका. पुन्हा सांगतो, लाली गेली म्हणजे डोळा बरा झाला असं नाही. त्याच दिवशी डोळ्याच्या डॉक्टरकडे या. आणि आधी काही घातलं असेल तर ती बाटली बरोबर आणा, संपलेली असली तरी. तिच्यावरचं नाव आम्हाला वाचायचं असतं.