भातावरचा झेंडा

नमस्कार श्रोतेहो.

टोकियोतलं एक साधंसं हॉटेल. चौदा वर्षांचा एक पोरगा लहान मुलांची थाळी मागवतो. जपानमध्ये ही थाळी म्हणजे निव्वळ लाड. एकाच ताटात चार आवडीचे पदार्थ, आणि भाताच्या मुदीवर काडीला चिकटवलेला इवलासा कागदी झेंडा. थाळी येते, पण झेंडा नसतो. झालं! पोरगा रुसून बसतो, जेवायलाच तयार नाही. शेजारी बसलेला त्याचा उंचापुरा दोस्त, डोक्याच्या बाजूला ड्रॅगन गोंदवलेला, शांतपणे एक झेंडा काढतो आणि भातात खोचतो. त्याला माहीतच असतं, असं होणार म्हणून. पोरगा खूश. पोटभर जेवतो आणि जागच्या जागी झोपून जातो.

हा रुसणारा पोरगा म्हणजे मांजिरो सानो, ऊर्फ माइकी. उंची जेमतेम १६२ सेंटीमीटर, पण याची एक लाथ बसली की समोरचा उठत नाही. झेंडा खोचणारा केन र्‍यूगूजी, ऊर्फ ड्रॅकन. एक म्होरक्या, दुसरा उपम्होरक्या. टोळीचं नाव टोकियो मांजी गँग, लाडानं ‘तोमान’. ही टोळी कागदावरची आहे बरं का. केन वाकुई यांच्या ‘टोकियो रिव्हेंजर्स’ या मांगातली. २०१७ ते २०२२ या काळात ही चित्रकथा साप्ताहिकातून येत होती, पुढे तिचे ३१ खंड झाले. आपल्याकडची कॉलेजातली पोरं मात्र तिला ओळखतात ती २०२१ मध्ये आलेल्या ॲनिमेमुळे, म्हणजे तिच्यावरच्या जपानी कार्टून मालिकेमुळे.

अशा टोळ्या जपानमध्ये खरोखर होत्या. त्यांना बोसोझोकू म्हणत. सायलेन्सर काढून, रात्रभर गाड्या रेटत, झोपलेल्या गावाला उठवत फिरणारी पोरं. १९८२च्या आसपास पोलिसांच्या हिशेबी त्यांची संख्या ४०,०००च्या वर होती. अंगात लांब डगले आणि त्यांवर भरतकामाची अक्षरं. त्या डगल्याचं नाव आलंय दुसऱ्या महायुद्धातल्या आत्मघाती पथकांवरून. भाषेचीही त्यांना भारी हौस. ‘योरोशिकू’ म्हणजे आपलं ‘लोभ असावा’ म्हणा ना, इतका साधा शब्द. तो ही मंडळी रात्र, दव, मृत्यू आणि यातना अशा चार चित्राक्षरांत लिहायची! पुढे कायदे कडक झाले. टोळक्यानं धोकादायक गाडी चालवली की कुणी तक्रारदार पुढे आला नाही तरी अटक, अशी तरतूद २००४ मध्ये झाली. वाकुई यांनी गोष्ट नेमकी २००५ मध्ये ठेवली आहे. म्हणजे ही पोरं मांडव उतरायला लागल्यावर नाचायला आलेली आहेत. शिवाय जपानमध्ये मोटारसायकलचा परवाना सोळाव्या वर्षाआधी मिळत नाही, तेव्हा आपले हे नायक पहिल्या किकपासूनच गुन्हेगार!

टोळीची खूण ‘मांजी’, म्हणजे बौद्ध स्वस्तिक. माझ्या भाच्याच्या टी-शर्टावर ती बघून आई म्हणाली, “अरे, हे उलटं काढलंय की!” बरोबरच आहे तिचं. आपण उंबऱ्यावर काढतो त्याच्या उलट दिशेला या मांजीचे हात वळतात. जपानच्या नकाशांत ही खूण असली की समजायचं, इथे बौद्ध मंदिर आहे. पण ॲनिमे परदेशात दाखवताना नाझी खुणेशी गल्लत नको म्हणून ती झाकली गेली. आईला नाझींचं सोयरसुतक नव्हतं, तिला फक्त दिशा खटकली.

आणि ते काळे डगले, सोनेरी भरतकामाचे, ते शिवले कुणी? तर ताकाशी मित्सुया नावाच्या पोरानं. दोन धाकट्या बहिणींना सांभाळणारा हा मुलगा टोळीच्या एका तुकडीचा कप्तान आहे, आणि शाळेतल्या शिवणकामाच्या मंडळाचा प्रमुखसुद्धा. रस्त्यावरच्या मारामारीत ज्याची दहशत, तो दुपारी मुलींच्या घोळक्यात बसून टाके घालतोय. मला या सगळ्या गोष्टीत हा माणूस फार आवडतो.

टोळी उभी राहिली २००३ मध्ये, सहा जणांची. त्यांच्यातल्या काझुतोराला दुसरी एक टोळी छळत होती, तर त्याच्यासाठी सगळ्यांनी उभं राहायचं, एवढंच कारण. देवळात जाऊन सहा जणांनी वर्गणी काढली आणि एक ताईत विकत घेतला. सहांत मिळून एक! तो ठेवला केइसुके बाजीकडे. बाजी म्हटल्यावर मराठी कान टवकारणारच. योगायोग असा, की पुढे हा बाजीसुद्धा मित्रांपायी जीव देतो. कसा, ते सांगत नाही. वाचणाऱ्यांचा विरस नको.

आता पुन्हा त्या हॉटेलाकडे येऊ. जेवून झोपलेल्या माइकीला ड्रॅकन पाठुंगळी घेतो आणि थेट इस्पितळात नेतो. तिथे एक मुलगी बेशुद्ध पडलेली आहे. तोमानमधल्या एकाच्या दोस्तावर दुसऱ्या टोळीनं हात टाकला, त्यात त्याच्या मैत्रिणीची ही गत झाली. तिचे वडील या पोरांना बघून भडकतात, चालते व्हा म्हणतात. माइकीचं डोकं फिरतं. हे आम्ही केलेलं नाही, आम्हाला का बोलता? आणि तेवढ्यात त्याला दिसतं, की ड्रॅकन कमरेत वाकून उभा आहे. चूक आमची आहे, असं म्हणतोय. मग माइकीला तो समजावतो. यांना घरदार आहे, जीव लावणारी माणसं आहेत. मारामारी आपली आपल्यात, बाहेरच्याला झळ लागता कामा नये. आणि माइकी वाकतो. मला विचाराल तर तोमान म्हणजे इस्पितळातली ती चार-पाच मिनिटं. लाथेचा जोर टोळीला मोठी करतो हे खरं, पण तिची टोळधाड होऊ देत नाही ती ड्रॅकनची वाकलेली पाठ.

कारण बारा वर्षांनी, २०१७ मध्ये, हीच तोमान खून पाडणारी संघटित टोळी झालेली असते. गोष्ट सुरू होते ती तिथून. ताकेमिची हानागाकी, वय २६, कुठेच धड न जमलेला, बोलता बोलता रडणारा माणूस. शाळेतल्या मैत्रिणीचा या टोळीच्या भांडणात जीव गेल्याची बातमी तो ऐकतो, आणि कसा कोण जाणे, बारा वर्षं मागे जाऊन पडतो. त्याला कळतं ते असं, की ३ ऑगस्ट २००५ या दिवशी ड्रॅकन मेला आणि तिथून तोमानचा तोल गेला. म्हणजे वाचवायचं कुणाला, तर झेंडा खोचणाऱ्याला.

त्या रात्री जत्रा असते, पाऊस कोसळत असतो. ड्रॅकनच्या पोटात सुरा जातो. माइकीला शत्रूंनी घेरलेलं. मग तो रडवा ताकेमिची ड्रॅकनला पाठीवर घेतो आणि चिखलातून, लटपटत, चालायला लागतो.

शस्त्रक्रिया होईपर्यंत माइकी सगळ्यांना दटावतो. गडबड करू नका, केनचिन मरायचा नाही. केनचिन म्हणजे ड्रॅकनच, माइकीची त्याला लाडाची हाक. चेहऱ्यावर रेषा हलत नाही. ड्रॅकन वाचल्याचं कळतं, पोरं आरोळ्या ठोकतात. ताकेमिची माइकीला शोधत बाहेर येतो. तर तोमानचा म्होरक्या इस्पितळाच्या मागच्या अंगाला, एकटाच उकिडवा बसून, हमसून हमसून रडत असतो.