दोन सुतांची शिलाई

(दृश्य : यंत्रमाग सुरू आहे. जॅकार्डच्या दोऱ्या वरखाली होताहेत.)

सोलापुरी चादरीवरचं फूल मागावरच पुरं होतं. कुठला ताणा, म्हणजे उभा धागा, उचलायचा, कुठला खाली राहू द्यायचा, हे मागावर बसवलेलं जॅकार्ड ठरवतं. पाकळी कुठं संपणार ते विणायला सुरुवात होण्याआधीच पक्कं असतं. तुकडे जोडून शिवलेल्या गोधडीला ही सोय नाही. तिची नक्षी शिलाईगणिक घडते, आणि बिघडते तीही शिलाईगणिकच. ती शिलाई मशीनवर सारखी कशी ठेवायची, ते बघू.

(दृश्य : गणवेशाचा कारखाना. कटिंगच्या टेबलाखाली कातरणांचा ढीग.)

सोलापुरात चादरी-टॉवेलांबरोबर गणवेशाचंही काम चालतं. टेबलाखाली चौकड्यांचं शर्टिंग, खाकी नि निळं सूटिंग, पांढरं पॉपलीन पडलेलं असतं. शिवणाऱ्या बाईच्या हाती ही कातरणं आली की तिला गोधडी दिसायला लागते.

आपली जुनी वाकळ वेगळ्या रीतीची. लुगड्यांचे थर अंथरायचे, वर तुकडे मांडायचे, कडा दुमडून धावदोरा घालत जायचं. तुकडा चार धागे इकडंतिकडं झाला तरी खालचं लुगडं त्याला सांभाळून घेतं. त्या कामाला फुटपट्टी लागत नाही, आणि तिचं देखणेपण जराही कमी होत नाही. पण मशीनवर तुकड्याला तुकडा जोडत निघालो की खाली सांभाळून घेणारं कुणी उरत नाही. एका सांध्यातली चूक पुढच्या सांध्याच्या पदरात पडते.

(दृश्य : आठ चौकोनांची एक ओळ. शेजारी फुटपट्टी.)

हिशेब करून बघू. अडीच इंची आठ चौकोन एका ओळीत जोडायचे आहेत. शिलाईची माया, म्हणजे शिलाईबाहेर राहणारी कापडाची कड, प्रत्येक बाजूला दोन सूत, म्हणजे पाव इंच, म्हणजे सहा मिलिमीटरच्या थोडं वर. जोडल्यावर ओळ साडेसोळा इंच भरली पाहिजे. आता समजा, माया प्रत्येक बाजूला फक्त अर्धं सूत जास्त गेली. डोळ्याला ते कळणारही नाही. पण एका सांध्यात दोन बाजू मिळून एक सूत गेलं, आणि ओळीत सांधे सात. ओळ सात सूत आखूड. शेजारची ओळ दुसऱ्या हाताची, ती बरोबर भरलेली. या दोन ओळी एकमेकींना लावताना कोपरे जुळणार कसे? मग ओढाताण होते, आणि ओढलेलं कापड धुतल्यावर फुगतं.

म्हणून मशीनचा फूट निवडायला एवढं महत्त्व. कापड दाबून धरणारा तो लोखंडी तुकडा सुईपासून कडेचं अंतर राखतो. बाजारात पाव इंचाचा फूट म्हणून वेगळा मिळतो. त्याची उजवी कड सुईपासून बरोबर दोन सुतांवर असते, कापडाची कड तिच्याशी जुळवून चालवायची. पण फुटावर पाव इंच लिहिलंय म्हणून गोधडीत पाव इंचच उतरेल, असं धरून चालू नका. फूट एक, मशीन दुसरं, कापड तिसरं. तिघांचं जमलं की नाही, हे शिवूनच कळतं.

(दृश्य : तीन पट्ट्या जोडल्या जात आहेत. इस्त्री. मधल्या पट्टीवर फुटपट्टी.)

त्याची परीक्षा सोपी आहे. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या कापा, शेजारी शेजारी जोडा, माया एका बाजूला दाबून इस्त्री करा. मधली पट्टी बरोबर एक इंच भरली पाहिजे, आणि तिन्ही मिळून साडेतीन. शिलाई मोजू नका, उघडलेली पट्टी मोजा. बहुतेकदा ती एक इंचाला किंचित कमी भरते, कारण कापड उलटताना दुमडीत एक-दोन धागे खर्ची पडतात. तेवढेच एक-दोन धागे शिलाई कडेकडं घ्यायची. पट्टी इंचाहून जास्त भरली तर उलट करायचं.

झिगझॅगच्या घरगुती मशीनवर सुई एक घर डावी-उजवी सरकवता येते. मात्र पाव इंचाच्या फुटाला बारीक गोल भोक असेल तर सुई सरकवू नका, आणि झिगझॅग तर चुकूनही लावू नका. सुई फुटावर आपटून मोडेल. चाक हातानं एकदा फिरवून खात्री करा, मगच मोटर.

(दृश्य : काळं पायमशीन. पाट्यावर स्क्रूनं बसवलेली गाईडपट्टी.)

काळ्या पायमशीनवर सुई सरकत नाही. म्हणून कुणी ते मशीन मागं टाकत असेल तर मला खरंच वाईट वाटतं. सरळ टाक्याचं हे मशीन जोडकामाला फार गुणी आहे. त्याच्या सुईखालच्या प्लेटचं भोक लहान असतं, त्यामुळं त्रिकोणाचा टोकदार कोपरा आत ओढला जात नाही. झिगझॅग मशीनच्या रुंद फटीत तो हमखास अडकतो. बऱ्याच पायमशीनच्या पाट्यावर कापडाची कड टेकवायची गाईडपट्टी बसवायला स्क्रूचं भोक असतं. आलेख कागदाची कड सुईपासून दोन सुतांवर धरा, सुई कागदात उतरवा, गाईड कागदाला टेकवून स्क्रू आवळा. भोक नसेल तर चिकटपट्टीचे चार-पाच थर एकावर एक लावले तरी कापड टेकवायला कड मिळते. नवा फूट न घेताही काम भागतं.

(दृश्य : दोन फूट शेजारी. एकाला उजवीकडं उभी पट्टी, दुसरा सपाट.)

नवा घ्यायचाच असेल तर दोन जाती बघा. एकाला उजवीकडं उभी पट्टी असते. लांब सरळ ओळींना ती बरी, हात नवा असेल तर आणखी बरी. पण कापड तिच्यावर रेटलं की पातळ कड दुमडते किंवा खाली घुसते. चौकोनाच्या कर्णाच्या दोन्ही बाजूंनी शिवून दोन त्रिकोण काढायचे असतात तेव्हा ही पट्टी नुसती आडवी येते, कारण तिथं कापडाची कड जवळ नसतेच. त्या कामाला सपाट फूट हवा. त्यावर सुईच्या पुढं आणि मागं दोन सुतांच्या खुणा असतात, कोपऱ्यावर कुठं थांबायचं ते त्या सांगतात. एकच घेणार असाल तर मी सपाट घ्या म्हणेन.

कारखान्यातल्या हायस्पीड मशीनला स्प्रिंगच्या पट्टीचा गाईड फूट असतो, कॉलरच्या कडेनं टीप मारायला. तोही पाव इंचात मिळतो, पण घरच्या मशीनला बसत नाही. फूट बसतो त्या दांडीची उंची वेगळी. दुकानात जाताना आपला जुना फूट सोबत न्या.

तीन थर एकत्र शिवताना वरचा थर मागं राहतो, त्यासाठी वॉकिंग फूट, म्हणजे वरचं कापडही खालच्यासोबत सरकवणारा फूट, घ्यावा. जोडकामात त्याची गरज नाही.

(दृश्य : जाड सूटिंग आणि पॉपलीनचा सांधा, जवळून.)

आता कातरणांचा खरा अडसर. खाकी सूटिंग जाड, त्यात पॉलिएस्टर, इस्त्रीला दाद देत नाही. पॉपलीन पातळ, दुमड चापून बसते. त्यामुळं एकाच फुटावर दोन्हींची पट्टी वेगवेगळी भरते. शक्यतो एका गोधडीत एका जाडीचं कापड वापरा. ते जमत नसेल तर तीन पट्ट्यांची परीक्षा त्याच मिश्र कापडावर घ्या, आणि वरचा दाबाचा स्क्रू थोडा सैल करून बघा. जास्त दाबानं वरचं कापड खालच्याच्या मागं राहतं.

(दृश्य : बायकांचा गट. प्रत्येकीच्या मशीनवरची तीन पट्ट्यांची जोडणी एका टेबलावर मांडलेली.)

चौघी-पाचजणी मिळून एक गोधडी करणार असाल, तर कापायच्या आधी प्रत्येकीनं आपापल्या मशीनवर ही जोडणी करावी आणि एकीवर एक ठेवून बघावी. ज्या मशीनची पट्टी बाकीच्यांशी जुळत नाही, तिथं फूट किंवा गाईड पुन्हा लावावा. तरीही जुळलं नाही, तर त्या मशीनकडं खालचं अस्तर द्यावं आणि काठाची पट्टी द्यावी. चौकोन द्यायचे ते जुळलेल्या मशीनना.