दुसऱ्या संघाचं पहिलं काम

(मेलबर्नच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, इथे बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांची मुलं ऑसकिकला, म्हणजे लहान मुलांच्या फुटीच्या वर्गाला, जातात, काहींची आता ज्युनिअर क्लबात खेळायला लागली आहेत. त्यामुळे फुटी, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉल, कशी खेळतात इथून सुरुवात करत नाही. अंडाकृती मैदान, दोन्ही बाजूंना अठरा-अठरा जण, मधल्या खांबांतून गोल झाला तर सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक. एवढं तर आजीआजोबांनाही पाठ झालंय. एएफएलचे, म्हणजे या खेळाच्या सर्वोच्च स्पर्धेचे, सामने तुम्ही बघताच. मी बोलणार आहे ते फारसं कुणी बघत नाही त्या सामन्यांबद्दल. एएफएल क्लबाचा जो दुसरा संघ असतो, ज्याला कुणी रिझर्व्ह्ज म्हणतं, कुणी सेकंड्स, कुणी थट्टेने मगूज, त्या संघात खेळाडू कसा घडवतात?

आधी हिशेब बघा. क्लबाच्या यादीवर चाळीसेक खेळाडू. आठवड्याला एएफएलच्या सामन्यात खेळणार तेवीसेक. उरलेल्यांत कुणाचा गुडघा गेलेला, कुणाची मांडीची शीर धरलेली. हातात राहतात दहा-बारा, वाईट आठवड्यात सहा-सात. एवढ्यात संघ होत नाही. मग बाकीच्या जागा भरतात व्हीएफएलपुरते, म्हणजे हे दुसरे संघ खेळतात त्या खालच्या स्पर्धेपुरते, करारबद्ध असलेले खेळाडू. हे खेळाडू एरवी शाळेत शिक्षक असतात, इलेक्ट्रिशियन असतात, युनिव्हर्सिटीत शिकत असतात. दिवसभर काम करून संध्याकाळी सरावाला येतात. एएफएलवाल्यांचा खेळ हाच पोटापाण्याचा धंदा असल्याने त्यांचा सराव दिवसा उरकलेला असतो. म्हणजे शनिवारी एकच जर्सी घालून उतरणारा संघ आठवडाभर धड एकत्र सरावलेलाही नसतो. याच संघाकडून मुख्य संघासारख्या खेळाची अपेक्षा करायची!

पूर्वी हे सोपं होतं. १९१९ पासून १९९९ पर्यंत क्लबांच्या राखीव संघांची स्वतःची स्पर्धा होती. बराच काळ हे सामने मुख्य सामन्याच्या आधी, त्याच मैदानावर होत. मुख्य प्रशिक्षकाला डोळ्यांनी दिसायचं कोण तयार झालाय ते. २००० पासून ती स्पर्धा बंद झाली आणि एएफएल क्लबांचे जास्तीचे खेळाडू व्हीएफएलमध्ये आले. काही क्लबांनी स्वतःचा संघ उतरवला, बाकीच्यांनी एखाद्या जुन्या व्हीएफएल क्लबाशी सोयरीक केली. रिचमंडची कोबर्गशी, वेस्टर्न बुलडॉग्जची आधी वेरिबीशी आणि मग विल्यम्सटाउनशी.

सोयरिकीत जे व्हायचं ते झालं. विल्यम्सटाउनला स्वतःचा इतिहास आहे, स्वतःचा पाठीराखा आहे, त्याला चषक हवा. बुलडॉग्जला हवं असतं की आपला एकोणीस वर्षांचा उंच पोरगा बचावात उभा राहून चुका करत शिकावा. चुका करायच्या कुणाच्या खर्चाने? यजमानांच्या. यात विल्यम्सटाउनचं काही चुकत होतं असं मला वाटत नाही. अखेर २०१४ मध्ये रिचमंड आणि बुलडॉग्ज दोघांनीही स्वतःचे संघ परत उभे केले. बुलडॉग्जनी त्याला आपलं जुनं नाव दिलं, फुट्सक्रे, आणि त्या संघाने पहिल्याच वर्षी व्हीएफएल जिंकली.

आता मुद्द्याचं. दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाला विचारा, जिंकायचं की खेळाडू घडवायचे? बाहेरच्यांना वाटतं यातलं एक निवडावंच लागतं. मला तसं वाटत नाही. हरलो तरी चालेल असं वातावरण असलेल्या सामन्यात कुणी काही शिकत नाही. दडपणाखाली मार्क घेणं, म्हणजे पायाने मारलेला चेंडू हवेतच झेलणं, दडपणाखालीच येतं. पण जिंकायचं कसं, याला मात्र एक अट आहे: मुख्य संघाच्या पद्धतीने. क्रिकेटशी इथेच फरक पडतो. भारतीय संघातून वगळलेला खेळाडू आपल्या राज्याच्या रणजी संघाकडे जातो, त्या संघाची पद्धत वेगळी, कर्णधार वेगळा. इथे मुख्य संघातून खाली आलेल्याला तीच जर्सी, तीच व्यूहरचना, तेच इशारे मिळतात. त्याला खाली पाठवताना एक ठरावीक काम दिलेलं असतं. तू गोल कर, असं कुणी सांगत नाही. सांगतात: चेंडू हुकला की वळून पहिल्या तीन सेकंदांत परत धाव, सामना संपेपर्यंत प्रत्येक वेळी.

हे व्हिडिओवर बघतात तेव्हा गंमत असते. पडद्यावर चेंडू कुठेतरी डाव्या कोपऱ्यात असतो आणि प्रशिक्षकाचा कर्सर असतो उजवीकडे, मोकळ्या जागेतून पळणाऱ्या एका फॉरवर्डवर. त्याच्याकडे चेंडू आलाच नाही. पण तो पळाला म्हणून त्याच्यामागे बचावपटू ओढला गेला, मध्ये जागा झाली आणि तिथून दुसऱ्याने गोल केला. दुसऱ्या दिवशीच्या आकडेवारीत या पोराच्या नावावर काही नाही. क्लबाच्या वहीत मात्र आहे. उलटही होतं. तीस वेळा चेंडू हाताळलेला मिडफिल्डर सोमवारी बोलणी खातो, कारण त्यातले वीस हँडबॉल, म्हणजे मुठीने मारून दिलेले पास, मागे, सुरक्षित, कुणाच्याही उपयोगाचे नव्हते.

कधी फॉरवर्डला महिनाभर बचावात खेळवतात. बचावपटूला कशाचा त्रास होतो हे कळल्यावर तो परत पुढे जाऊन नेमका तोच त्रास देतो. मुख्य संघात हा प्रयोग कोण करू देईल? कधी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेतून परतलेला खेळाडू असतो, फिजिओ सांगतो अर्धाच सामना. सामना बरोबरीत असला, तो उत्तम खेळत असला, तरी हाफटाइमला तो बाहेर. शेजारी बसलेला इलेक्ट्रिशियन, ज्याला मोसमातला हा एकच चषक जिंकायची संधी आहे, तो काय विचार करत असेल? या पगारी आणि बिनपगारी म्हणता येईल अशा दोन जातींना एका जर्सीत बांधून ठेवणं, हे दुसऱ्या संघाच्या प्रशिक्षकाचं सगळ्यात अवघड काम. व्यूहरचना त्यामानाने सोपी.

रिचमंडचं उदाहरण घ्या. २०१९ मध्ये त्यांच्या व्हीएफएल संघाचा प्रशिक्षक होता क्रेग मॅक्रे. त्या वर्षी मोसमाच्या मध्यावर होणारा ड्राफ्ट, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने नवे खेळाडू निवडायची पद्धत, पुन्हा सुरू झाला आणि त्यात रिचमंडने पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या साउथ फ्रीमँटल क्लबातून मार्लियन पिकेटला उचलला. वय २७. या वयाला बाकीचे खेळाडू दीडशे सामने खेळून मोकळे झालेले असतात. त्याला त्यांनी घाईने वर नेला नाही. काही महिने मॅक्रेच्या हाताखाली तो रिचमंडची पद्धत शिकला. सप्टेंबरात व्हीएफएलच्या अंतिम सामन्यात रिचमंडने विल्यम्सटाउनला हरवलं आणि सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू ठरला पिकेट. तिकडे मुख्य संघात जॅक ग्रॅहमचा खांदा उपांत्य सामन्यात निखळला होता. जागा रिकामी झाली, आणि २८ सप्टेंबरला एमसीजीवर, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर, लाखभर लोकांसमोर, पिकेट आयुष्यातला पहिला एएफएल सामना खेळला. तोही थेट अंतिम सामना. १९५२ नंतर असं कुणाच्याच बाबतीत झालं नव्हतं.

पहिल्या क्वार्टरमध्ये त्याने अंगावर आलेल्या खेळाडूला पाठ देऊन गर्रकन गिरकी घेतली आणि मोकळा होऊन चेंडू पुढे मारला. नवख्याचा पाय थरथरतो तिथे हा गिरक्या घेतोय! तिसऱ्या क्वार्टरमध्ये त्याने गोल केला तेव्हा अख्खा संघ त्याच्या अंगावर जाऊन पडला. रिचमंड ११४, समोरचा संघ जीडब्ल्यूएस २५. लोक याला परीकथा म्हणतात. मला तो शब्द पटत नाही, कारण तो म्हटला की मधले महिने गायब होतात. पिकेटला त्या दिवशी मैदान नवं होतं, गर्दी नवी होती. काम नवं नव्हतं. मॅक्रे पुढे कॉलिंगवुडचा मुख्य प्रशिक्षक झाला आणि २०२३ मध्ये त्यांना विजेतेपद मिळवून दिलं, हेही लक्षात असू द्या. सेकंड्समध्ये प्रशिक्षकसुद्धा घडतात.

एकाच वर्षी एएफएल आणि व्हीएफएल दोन्ही जिंकायची ही पहिली वेळ नव्हती. २००७ मध्ये जीलाँगने ते केलं. त्यांच्या व्हीएफएल संघात पहिल्याच वर्षाचा टॉम हॉकिन्स होता, जो पुढे त्यांचा मोठा फॉरवर्ड झाला. २०१६ मध्ये बुलडॉग्जनी केलं. सातव्या क्रमांकावरून येऊन, १९५४ नंतरचं त्यांचं पहिलं विजेतेपद. त्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू जेसन जोहानिसन मुळात रूकी यादीतून, म्हणजे मुख्य यादीबाहेरच्या होतकरूंच्या यादीतून, आलेला. यावरून दुसरा संघ जिंकला की पहिला जिंकतो असा निष्कर्ष काढू नका. यादी मुळातच दमदार असली तर दोन्ही जिंकणारच. पण दुसऱ्या संघाला जिंकू दिल्याने खेळाडू घडायचे थांबतात, हे म्हणणाऱ्यांना मात्र या तीन वर्षांचं उत्तर द्यावं लागेल.

सामनेच नसले तर काय होतं हे २०२० मध्ये दिसलं. साथीमुळे व्हीएफएलचा मोसम रद्द झाला. क्लब क्वीन्सलंडला हलले आणि मुख्य संघाबाहेरची पोरं आपसात मिळतील तेवढ्या जणांचे सराव सामने खेळत राहिली. ना गुण, ना प्रेक्षक. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही म्हणतात. ही पोरं वर्षभर काठावर बसली. एरवीच्या मोसमातही छोट्या प्रमाणात हे चालतं. एखाद्याला मुख्य संघाचा आयत्या वेळचा बदली खेळाडू म्हणून जाहीर करतात, तो संघाबरोबर दुसऱ्या राज्यात जातो, खेळायला मिळत नाही, आणि इकडे व्हीएफएलचा सामनाही हुकतो. असे लागोपाठ तीन आठवडे गेले की पोरगा फॉर्ममधून गेलाच म्हणून समजा. यावर क्लबांनी ठोस उपाय केलाय असं मला तरी दिसलेलं नाही.

पालकांना घाई असते, म्हणून मॅक्स गॉनबद्दल सांगतो. २००९ च्या ड्राफ्टमध्ये मेलबर्नने त्याला ३४ व्या क्रमांकावर घेतला. जवळजवळ सात फूट उंची. पण रकमनला, म्हणजे वर उडवलेल्या चेंडूसाठी उडी मारणाऱ्या उंच खेळाडूला, वेळ लागतो. शरीर भरायला लागतं, उडी कधी मारायची हे कळायला लागतं. त्यात गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली. केसी या व्हीएफएल संघात त्याने दिवस काढले. ऑल-ऑस्ट्रेलियन संघात, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मानाच्या संघात, तो पहिल्यांदा आला २०१६ मध्ये, आणि २०२१ ला मेलबर्न जिंकलं तेव्हा कर्णधार तोच होता. पण माझ्या मते दर गॉनमागे असे कितीतरी आहेत जे दोन वर्षांनी यादीतून काढले जातात, आणि त्यांच्यावर कुणी व्याख्यान देत नाही.

तर आपल्याच वेरिबीच्या मैदानावर जा. मायकल बार्लो इथेच खेळायचा, ड्राफ्टमध्ये त्याला कुणी विचारलं नव्हतं. मग फ्रीमँटलने रूकी म्हणून घेतला आणि २०१० मधल्या पहिल्याच सामन्यात त्याने ३३ वेळा चेंडू मिळवला. २०२४ मध्ये वेरिबीने व्हीएफएल जिंकली तेव्हा प्रशिक्षक तोच होता. समोर एएफएल क्लबाचा राखीव संघ असेल असा सामना निवडा. मुलांना चेंडू बघू देऊ नका, एकच खेळाडू नेमून द्या आणि पूर्ण क्वार्टर त्याच्यावरच नजर ठेवायला सांगा. क्वार्टर संपली की प्रेक्षकांना मैदानात जाऊ देतात. प्रशिक्षक खेळाडूंशी बोलत असतो त्या घोळक्यामागे जाऊन उभे राहा. एमसीजीवर हे जमत नाही. तो काय बोलतो ते ऐका, आणि आपण नेमलेल्या खेळाडूने तेच केलं का, ते मुलांना विचारा. आता तुमचे प्रश्न घेऊ या.