आजोबा दगावत नाहीत

नमस्कार श्रोतेहो. लेखन सुधारायचं म्हटलं की बहुतेक जण समानार्थी शब्दांची यादी पाठ करायला घेतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी शब्दकोशाच्या १८५७ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६०,००० शब्द आहेत. त्यातले किती येतात, यापेक्षा कुठला शब्द कोणाच्या शेजारी बसतो हे कळणं जास्त उपयोगी.

'वारणे', 'निवर्तणे', 'दगावणे' यादीत एका ओळीत असतात. पण दगावतो तो रुग्ण, तान्हं मूल, नाहीतर गोठ्यातली म्हैस. नव्वदीतले आजोबा वारतात. 'आजोबा दगावले' लिहिलंत, तर वाचणारा दवाखान्यावर संशय घेईल.

खरी गळती क्रियापदांत होते. मेथी निवडतात, कोथिंबीर चिरतात, नारळ खवतात, लसूण ठेचतात, आधणात तांदूळ वैरतात. पाककृती लिहायला बसलं की मात्र कोथिंबीर 'कट करा', लसूण 'क्रश करा' आणि बाकी सगळं 'अ‍ॅड करा'!

आपलंच एक लिहिलेलं पान घ्या. 'करणे', 'होणे', 'करण्यात येणे' यांखाली रेघ मारा आणि आधीचं नाम बघा. बहुधा त्यातच क्रियापद दडलेलं असतं. 'झाडांची लागवड करण्यात आली' म्हणजे झाडं लावली. लगेच प्रश्न येतो, कोणी लावली? तेही लिहावं लागतं. 'पाहणी केली'ला मात्र हात लावू नका. अधिकारी तिथे नुसतं पाहत नाही, तपासतो.

शाळेतली 'द्विरुक्ती टाळा' ही शिकवण निबंधापुरती ठीक. माहिती देताना पहिल्या वाक्यात 'पंप', दुसऱ्यात 'यंत्र', तिसऱ्यात 'उपकरण' लिहिलं, तर शेतकरी तीन वस्तू शोधत बसेल. रेडिओवर तर मागचं वाक्य पुन्हा वाचायची सोयही नाही.

नवा शब्द वहीत एकटा उतरवू नका, जोडीदारासकट उतरवा: दिवा मालवणे, आग विझवणे, विहीर खणणे, भांडं विसळणे. जोडी अडली तर दाते-कर्वे यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' उघडा. १९३२ ते १९३८ या काळात निघालेल्या त्याच्या सात खंडांत शब्दाखाली वाक्प्रचारही सापडतात. आठवड्याला पाच जोड्या पुरे. प्रत्येकीची तीन वाक्यं करा: एक बोलण्यातलं, एक पत्रातलं, एक अर्जातलं. अर्जात जी जोडी अवघडते, तिच्यापुढे 'बोली' असं लिहून ठेवा.