शेजारी बसवून भागत नाही

(शिक्षकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, वेगवेगळ्या घरांतली मुले एका बाकावर बसवली की ती आपोआप एकमेकांची होतात, अशी आपली समजूत असते. तसे होत नाही. वर्षभर शेजारी बसलेली मुले मधल्या सुट्टीत आपापल्या वस्तीच्या कोंडाळ्यात डबा खातात, हे तुम्ही रोज बघता. सहवास आणि जवळीक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

1971 साली अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात, ऑस्टिन शहरातल्या शाळांत गोरी, काळी आणि मेक्सिकन वंशाची मुले प्रथमच एका वर्गात आली आणि मारामाऱ्या सुरू झाल्या. शाळाखात्याने तिथल्या विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांना बोलावले. त्यांनी आधी काही दिवस वर्गात बसून नुसते पाहिले. बाई प्रश्न विचारायच्या, सहा-सात हात वर व्हायचे. एकाचे नाव घेतले की बाकीच्यांचे चेहरे पडायचे. त्याचे उत्तर चुकले की तेच चेहरे खुलायचे. दुसऱ्याची चूक हाच माझा फायदा, हे त्या वर्गाच्या रचनेतच होते. मुलांना उपदेश करून ते बदलणार नव्हते, रचनाच बदलायला हवी होती.

त्यांनी केलेल्या बदलाला जिगसॉ म्हणतात, तुकडे जोडून पुरे करायच्या चित्रकोड्यासारखा. तो आपल्या वर्गात कसा बसतो ते सांगतो. चाळीस मुलांचा वर्ग आणि सावित्रीबाईंचा धडा घ्या. धड्याचे पाच तुकडे करा: 1831 चा नायगावचा जन्म, लग्न आणि घरी झालेले शिक्षण; 1848 ची भिडेवाड्यातली मुलींची शाळा; 1863 चे बालहत्या प्रतिबंधक गृह; सत्यशोधक समाज आणि दुष्काळातले काम; 1897 ची प्लेगची साथ. पाच-पाच मुलांचे आठ गट करा. ते तुम्हीच करा. मुलांवर सोडले तर एका आळीची मुले एका गटात जातात. मुलगे-मुली, हुशार आणि अडखळणारी, बंगल्यातली आणि झोपडपट्टीतली अशी सरमिसळ हवी. मुले त्रेचाळीस असतील तर तीन गटांत एकेक तुकडा दोघांना मिळून द्या.

प्रत्येकाला फक्त स्वतःचा तुकडा मिळतो. दहा मिनिटे वाचन. मग आठही गटांतली दुसऱ्या तुकड्याची मुले एकत्र बसतात, तिसऱ्याची एकत्र, आणि आपल्या गटाला हे कसे समजावायचे याची पंधरा मिनिटे तयारी करतात. या पायरीला काट मारू नका. वाचताना अडखळणारे मूल इथे सावरते, शब्द विचारून घेते, एकदा बोलून बघते. ही पायरी गाळलीत तर ते गटासमोर उघडे पडते आणि तुम्ही जे मोडायला निघालात तेच घट्ट होते. त्यानंतर मूळ गटात परत येऊन प्रत्येकाने पाच मिनिटे शिकवायचे. शेवटी दहा मिनिटांची चाचणी, सगळ्या तुकड्यांवर. एकूण तास होतो, म्हणजे आपल्या दोन तासिका.

चाचणी मात्र एकेकट्याची. गटाला मिळून गुण दिले की कच्च्या मुलावर खापर फुटते. ऑस्टिनमध्ये हे नीट ओळखले होते.

दुसरी नेहमीची चूक तुकडे पाडण्यात होते. तिसरा तुकडा कळायला दुसरा आधी वाचावा लागत असेल, तर सगळा डोलारा कोसळतो. प्रत्येक तुकडा स्वतंत्रपणे कळला पाहिजे. पूर्ण पुस्तक कुणाच्या दप्तरात असेल तर तेही बंद ठेवायला लावा, नाहीतर कुणाला कुणाची गरजच उरत नाही. आणि मुलींकडे लिहायचे, मुलग्यांकडे बोलायचे, अशी वाटणी आपोआप होते. म्हणून गटप्रमुख दर वेळी बदला.

पहिले काही दिवस वाईट जातात, हे आधीच सांगून ठेवतो. ऑस्टिनमधला एक मेक्सिकन वंशाचा मुलगा इंग्रजी अडखळत बोलायचा आणि बाकीचे त्याची टर उडवायचे. तिथल्या सहायकाने कुणाला दटावले नाही. एवढेच म्हटले की हा भाग फक्त यालाच माहीत आहे आणि थोड्याच वेळात परीक्षा आहे. पोरे गप्प झाली. पुढच्या काही दिवसांत ती त्याला नीट प्रश्न विचारायला शिकली, आणि नीट विचारल्यावर तो बोलू लागला. त्याला बरेच काही येते हे त्यांना तेव्हा कळले. सहा आठवड्यांनी मुलांना आपले गटमित्र जास्त आवडू लागले होते, स्वतःबद्दलचे मतही सुधारले होते. काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांचे गुण वाढले, गोऱ्यांचे घटले नाहीत.

आपल्याकडे हे नवे आहे असे मुळीच समजू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सगळ्या जातिधर्मांची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकही मिळून करत. एकाने पाणी भरले नाही तर दुसऱ्याची भाकरी होणार नव्हती. हेही परस्परांची गरज असलेलेच काम होते.

काम कोणत्या प्रकारचे, हे फार महत्त्वाचे. उत्तर प्रदेशात अर्थतज्ज्ञ मॅट लो यांनी क्रिकेटच्या सामन्यांतून हे तपासले. वेगळ्या जातीचे खेळाडू एका संघात आले तेव्हा मैत्री वाढली. तेच समोरच्या संघात आले तेव्हा परिणाम उलट दिसला. म्हणून गटागटांत स्पर्धा लावू नका, फळ्यावर गटांचे गुण लिहू नका.

याची मर्यादाही मोठी आहे. इराकमध्ये आयसिसच्या हल्ल्यानंतर विस्थापित ख्रिस्ती तरुणांच्या फुटबॉल संघांत मुस्लिम खेळाडू घातले गेले. मैदानावरची दोस्ती टिकली, सहा महिन्यांनंतरही ते एकत्र सराव करत होते. पण मैदानाबाहेर अनोळखी मुस्लिमांशी त्यांचे वागणे फारसे बदलले नाही. जवळीक माणसाशी होते, ती सगळ्या समाजापर्यंत आपोआप पोहोचत नाही. म्हणून गट सहा-आठ आठवड्यांनी मोडून नवे करा, म्हणजे प्रत्येक मुलाला अधिक माणसे भेटतील.

सुरुवातीला एक दिवस मधल्या सुट्टीत पटांगणात उभे राहून, कोण कुणाबरोबर डबा खाते ते वहीत टिपा. सहा आठवड्यांनी पुन्हा टिपा. काहीच हलले नसेल तर मुलांना बोल लावू नका. धड्याचे तुकडे काढून बघा: एखादे मूल गप्प बसले तरी गटाचे काही अडत नव्हते का, ते त्यात सापडेल.