लाखोळीतली हिरवी रेघ

(ड्रोनमधून: फेब्रुवारीतलं शिवार. पिवळ्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, मधून एक वाकडी हिरवी रेघ.)

या रेघेवरून आम्ही दोन दिवसांत चार वेळा तरी चालून गेलो असू. खालून काही कळलं नाही. कॅमेरा वर गेला तेव्हा ती दिसली.

भंडारा जिल्हा, चुलबंद नदीचं खोरं. धान कापायच्या आधी उभ्या बांधीत लाखोळी या कडधान्याचं बी फेकतात. तिला पाणी द्यायचं नसतं, ती नुसत्या ओलीवर येते आणि ओल सरली की पिवळी पडते. पण तलावाचा जुना पाट गाळमातीनं बुजलाय तिथं ओल जरा जास्त टिकते. तेवढ्या पट्ट्यात लाखोळी अजून हिरवी आहे. अजून काही दिवस, मग तीही पिवळी.

(पायी, रेघेवरून वरच्या अंगाला.)

हा धुरा, म्हणजे शेताचा बांध, बघा. सरळ येतो आणि मधेच वळतो. इथं ना दगड, ना झाड. पाट उताराच्या कलानं गेला होता आणि बांध्यांच्या हद्दी पाटाच्या कडेनं पडल्या. पाट गेला, वळण सातबाऱ्यात राहिलं.

(तलावाची पार, म्हणजे मातीचा बांध. बेशरमाची दाटी. झुडपं बाजूला करणारे हात.)

आणि हे तुडुम. पारीतून पाणी सोडायची जागा. भोकं एकाखाली एक, पायरीपायरीनं. तलाव भरलेला असला की वरचं उघडायचं, पाणी उतरलं की त्याखालचं. तळातलं एकदम उघडलं तर पाण्याचा जोर पाट फोडून टाकील, म्हणून ही पायऱ्यांची सोय.

असे साडेसहा हजारांहून जास्त तलाव पूर्व विदर्भात आहेत. गोंड राजांच्या काळात कोहळी लोकांनी त्यातले कितीतरी बांधले. पुढे ते मालगुजारांकडे, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांकडे आले. 1950 च्या कायद्यानं मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. सरकारी भाषेत ‘माजी मालगुजारी तलाव’, लोकांच्या तोंडी ‘मामा तलाव’. मालगुजार काही देवमाणूस नव्हता, बेगारही घ्यायचा. पण पाट उपसायला केव्हा निघायचं, हे तेव्हा ठरलेलं होतं. नंतर ते ठरवणारंच कुणी राहिलं नाही.

(नांगरलेला धुरा, जवळून.)

गावात म्हणतात, पाट आटला. आटला नाही, नांगरला गेला. दोन्ही कडांचे शेतकरी दर वर्षी नांगराचं एकेक तास आत सरकले. मग वरच्या बांधीवाल्यानं बोअर मारली. त्याला पाटाची गरज उरली नाही, आणि पाट तर त्याच्याच बांधीतून जायचा. त्याच्या बांधीत तो बुजला तेव्हा खालच्यांना धान निसवताना, म्हणजे लोंब्या येताना, पाणी मिळेना. मग त्यांनीही बोअर मारली. आता रात्रीची लाइन असली की बॅटरी घेऊन मोटार चालू करायला जातात. तलावात पाणी असतंच, ते तिथंच राहतं.

विदर्भात गावच्या कागदांमध्ये ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा एक दस्त असतो. कुणाच्या जमिनीतून कुणाचं पाणी जाईल, वाट कुठून, मासे कुणी धरायचे, असे हक्क त्यात नोंदवतात. सातबारा जो तो काढतो. हा दस्त मागायला सहसा कुणी जात नाही.

(रेघेचं खालचं टोक. सिमेंट रस्ता. पलीकडे घर, कंपाउंडची नवी भिंत.)

इथं शिवार संपतं आणि गाव लागतं. भिंत बांधली त्या पावसाळ्यात पाणी नेमकं इथं तुंबलं आणि अंगणात शिरलं. पुढच्या वर्षी घरमालकानं भिंतीला खालून भोक पाडून प्लास्टिकचा पाइप बसवला.

(पाइपचं तोंड, जवळून.)

उन्हाळ्यात साप येऊ नये म्हणून त्यात चिंध्यांचा बोळा कोंबलेला असतो. रोवणीचा पाऊस लागला की काढतात.